नाल्याकडचं वावर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, नाल्याकडचं वावर एवढं काळंभोर, एवढं खोल, त्यात नुसती कपाशीची पऱ्हाटी काय घेता? तीनशे संत्रा लावू." मी हो-नाही काहीच बोललो नाही. तुला वाटलं असेल, बाबांना पैशाची काळजी. तसं नाही. पन्हेरीवाल्याला कलमांचा इसार देण्याआधी मला तीन खड्डे खणायचे होते. ते खणून झाले, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला घेतलं की तुझी मीटिंग निघते.

पहिला खड्डा टेकडीच्या अंगाला घेतला. वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, त्याखाली सब्बल टणटण वाजायला लागली. दुसरा विहिरीजवळ, मधल्या पट्ट्यात. तिथे तीन फूट भुसभुशीत माती आणि मग पिवळसर, हाताने फुटणारा मुरूम. धुऱ्यावरच्या कडुनिंबाची मुळं त्या मुरमाच्या फटींतून खाली गेलेली दिसली. तिसरा नाल्याकडे. पुरुषभर खणलं तरी काळी माती संपेना, आणि चार फुटांवर चुनखडीचे पांढरे खडे लागायला लागले.

वावर एक, पाऊस एक, मग माती तीन तऱ्हेची का? टेकडीवरून पाणी उतरताना जाडी रेती वरच राहते आणि बारीक गाळ वाहत नाल्याकडे येतो. शेकडो वर्षं हेच चाललंय. म्हणून खोली आणि पोत या दोन गोष्टी आपल्याकडे बहुधा एकमेकींचा हात धरूनच येतात. खोल जमीन ती चिकण, उथळ ती जाडी.

पोत तुला बोटांनीच कळेल. चिमूटभर माती ओली करून अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबत पुढे सरकव. नाल्याकडची माती लांब पट्टी होऊन लोंबते, मधली दोन पेरांवर तुटते, वरची पट्टी धरतच नाही. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान आणि रेतीचा मोठा कण २ मिलिमीटर, म्हणजे हजारपट फरक. कण जितके बारीक तितकी पाणी धरायला जागा जास्त. पण ती माती पाणी धरते तशी सोडत नाही. हाताला ओल लागते आणि रोप मात्र मान टाकतं, हे मी कितीदा पाहिलंय. रेतीचं उलट. तिच्याजवळ थोडंच असतं, पण असेल ते देऊन मोकळी होते.

आणि आपली काळी फुगते. पावसाळ्यात पाणी पिऊन तिच्या फटी बुजतात, हवा आत जात नाही. उन्हाळ्यात आकसते. परवा नाल्याकडच्या भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. अशी भेग पडताना बारीक मुळं तटातट तुटतात. संत्र्याची खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात. पावसाळ्यात त्यांचा श्वास कोंडतो आणि उन्हाळ्यात ती तुटतात. तुरीचं, पऱ्हाटीचं सोटमूळ खोल जातं, त्यांचं तिथे निभतं. हरभरा तर त्याच साठलेल्या ओलीवर, एक पाणी न देता निघतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तू तिसरीत होतीस तेव्हा मी तिथे संत्रा लावलाच होता. तुला चिखलातली ती झाडं आठवत असतील. काय झाडं होती! विहिरीजवळच्या बागेपेक्षा हातभर उंच, पानं तेल लावल्यासारखी. येणारा-जाणारा थांबून पाहायचा, मीही छाती काढून फिरायचो. बहाराची, म्हणजे फुलं धरायची वेळ आली आणि उघडं पडलो. आंबिया, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी येणाऱ्या बहारासाठी पाणी तोडलं. विहिरीजवळच्या बागेत महिना-सव्वा महिन्यात पानं मलूल झाली, ताण बसला, पाणी दिल्यावर फुलं फुटली. नाल्याकडे दोन महिने पाणी तोडूनही झाड हिरवंगार! जमिनीच्या पोटात एवढी ओल, त्याला ताण बसणार कसा, आणि ताण नाही तर फूल कुठलं. सात वर्षांत त्या बागेने घरखर्चापुरतीही संत्री दिली नाहीत. पुढे एका ओल्या पावसाळ्यात खोडांतून डिंक गळायला लागला, मुळं कुजली, झाडं एकामागून एक वाळली. मी पन्हेरीवाल्याशी भांडून आलो की तुझी कलमंच रोगट. त्याचीच कलमं विहिरीजवळच्या बागेत फळांनी वाकली होती, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

चुनखडीचंही तसंच. ती मातीतलं लोह अडवून ठेवते. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं दिसलं की समजावं. दहा टक्क्यांवर मुक्त चुना असलेल्या जमिनीत संत्रा घेऊ नये म्हणतात.

आता वरचा वीतभर मातीचा तुकडा. तिथे संत्रा नको, सीताफळ लाव. माती संपली म्हणजे मुळांची वाट संपली असं नसतं. मुरूम फुटका असला तर मूळ फटीतून जातं. मेळघाटात आपण गेलो होतो तेव्हा तू विचारलं होतंस, नाल्याकाठचा साग एवढा सरळसोट आणि माथ्यावरचा एवढा खुरटा का. तेही मातीच्या खोलीमुळेच. माथ्यावर सालईच बरी वाढते, कारण तिला थोडक्यात भागवता येतं. वरच्या तुकड्यात तलावाचा गाळ टाकू, असं तू म्हणशील. ज्वारी-मुगाला चार बोटं गाळाचा उपयोग होतो. झाडाला चार बोटांनी काय होणार?

तेव्हा संत्रा मधल्या पट्ट्यातच. तो पावणेदोन एकर भरतो. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडं बसतात, त्या हिशेबाने तिथे दोनशेच्या आतच. मी एकशे नव्वद कलमं सांगतो. एवढं करून तुला नाल्याकडेच हौस असेल, तर आधी तीन फूट खोल चर खणून पाणी नाल्यात काढावं लागेल आणि झाडं उंच वरंब्यावर लावावी लागतील. त्याचा खर्च मी काढून ठेवलाय, आलीस की दाखवतो. मला तो पटत नाही.

खड्डे बुजवलेले नाहीत. काल तिसऱ्यात वासरू पडता पडता वाचलं, म्हणून भोवती बोराट्या लावल्यात. पाऊस लागायच्या आत एकदा येऊन स्वतः आत उतरून बघ. येताना व्हिनेगरची बाटली आण. तिन्ही खड्ड्यांतल्या मातीवर थेंब टाकून बघू, कुठली किती फसफसते. चुना जास्त तिथे फसफस जास्त. आईने तुझ्यासाठी सरगुंडे करून ठेवलेत.

तुझे बाबा