फोटो काढल्याशिवाय वाड्याला हात लावू नका

वॉर्सा, १७ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-आबांना साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. आबा, युद्ध शेजारच्या देशात आहे, इथं नाही. रोज बातम्या लावून आईला घाबरवू नका. जाड कोट घेतलाय.

इथं उंबऱ्यावर कुणी हात मिळवत नाही. घरमालकीण दारात आली, मी हात पुढं केला, तर तिनं आपला मागं घेतला. मी रात्रभर विचार केला, माझं काय चुकलं? काही नाही. एक पाय आत, एक बाहेर अशा जागी हात मिळवला की भांडण होतं म्हणे. आधी आत घेतात, मग नमस्कार. आजी उंबऱ्यावर बसू द्यायची नाही, तसंच.

रविवारी राजवाड्यात बेर्नार्दो बेलोत्तो या जुन्या इटालियन चित्रकाराची चित्रं पाहिली. त्याचा मामा कॅनालेत्तो प्रसिद्ध चित्रकार, म्हणून इथं भाच्यालाही त्याच नावानं ओळखतात. १७७७ सालचा मिओदोवा रस्ता त्यानं खिडकीन् खिडकी रंगवलाय. १९४४ साली इथल्या लोकांनी जर्मनांविरुद्ध केलेल्या उठावानंतर जर्मनांनी हे शहर ठरवून पाडलं. त्या रस्त्यावरचा ब्रानित्स्की सरदारांचा वाडाही गेला. युद्धानंतर बेलोत्तोची चित्रं समोर ठेवून तो पुन्हा उभा केला, छपरावरच्या पुतळ्यांसकट. चालत जाऊन पाहिला. आबा, मला रडू आलं. पुढं बागेजवळ कोल्हापूरचं स्मारकही आहे. दुसऱ्या महायुद्धात आपल्या वळिवड्याच्या छावणीत आसऱ्याला राहिलेल्या पाच हजार पोलिश माणसांची आठवण. आपल्या गावाचं नाव इथं वाचून बराच वेळ तिथंच उभी राहिले.

काकांनी आपल्या वाड्यासाठी बिल्डरचे कागद आणलेत, दादा म्हणाला. सही करू नका असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? गळतं छप्पर तुम्ही सोसता. पण पाडण्याआधी दादाला देवडी, चौक, जिना, तुळया, सगळ्यांची मापं घ्यायला सांगा. चारी बाजूंनी फोटो काढायला सांगा. माजघराला खिडक्या दोन होत्या की तीन, मला आठवत नाही. इतकी वर्षं राहिले त्या घरात!

चाळीस हजार पाठवलेत, पोचले की कळवा. सांगलीच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. आधी त्यांच्याशी फोनवर बोलेन, एवढंच. आई, आजीच्या वर्षश्राद्धाला सुटी नव्हती हे खरं आहे. पण मी तिकीटही बघितलं नव्हतं.

उंबऱ्याची चौकट मात्र विकू नका. भाडं भरून ठेवावी लागली तरी मी भरेन.

तुमची,
शुभा