साहेब, ती झाडं मेलेली नव्हती

माननीय कमिशनर साहेबांस,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीतून चार ईमेल केले, एकाचंही उत्तर आलं नाही, म्हणून आता मराठीत लिहितेय. तुम्हाला वाचता येणार नाही, पण फ्लोरिडातली आमची माणसं तरी वाचतील.

मार्चच्या मीटिंगमध्ये तुम्ही स्वतः म्हणालात की आमच्या कुंपणालगतचा पट्टा तसाच ठेवू. परवा मंगळवारी सकाळी बुलडोझर आला आणि दुपारपर्यंत तिथं नुसती पांढरी वाळू. स्क्रब हिकरीची चाळीसेक झाडं गेली, पन्नासही असतील, रडत रडत किती नीट मोजणार.

ऑफिसात गेले तर रिपोर्ट दाखवला, "मोकळी जागा, वाळकी झुडपं". अहो सर्व्हे जानेवारीत केलाय! हिकरीची पानं हिवाळ्यात गळतात, शेजारचे ओक हिरवे असतात म्हणून ती मेल्यासारखी दिसते. महिना-दीड महिना थांबला असतात तर कोवळ्या पालवीवर गंजाच्या रंगाची लव दिसली असती. आणि खोड मनगटाएवढं, म्हणून तुमच्या नियमात ते झाडच नाही म्हणे. अक्रोडाच्या घराण्यातलं झाड आहे ते, फ्लोरिडा सोडून जगात कुठे आपसूक उगवत नाही. समुद्र वर चढलेला होता तेव्हा लेक वेल्स रिज, ही मध्य फ्लोरिडातली वाळूची लांबट उंच रांग, म्हणजे बेटं होती, त्या जुन्या वाळूत पाणी टिकत नाही तरी ते उभं राहतं, आग लागली की वरचं सगळं जळतं आणि मुळातून परत फुटतं. आगीला पुरून उरलं, तुमच्या रिपोर्टपुढे नाही टिकलं.

माझे वडील एका ऑक्टोबरात सोलापूरहून आले होते. रोज संध्याकाळी त्या पट्ट्यात जाऊन फळं वेचायचे, पायरीवर बसून दगडाने फोडायचे. कवच जाड, गर नखाएवढा, तो टाचणीने उकरून माझ्या मुलीला भरवायचे. आता ते नाहीत. हे लिहायचं नव्हतं, पण मंगळवारपासून झोप नाहीये, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहवत नाही. त्या मीटिंगसाठी बिनपगारी रजा घेतली होती, बोलायला ३ मिनिटं दिलीत आणि तेवढ्यातही तुम्ही फोन बघत होतात.

रिजवरचं ८५ टक्के स्क्रब, म्हणजे वाळूतलं हे खुरटं झुडपी रान, आधीच गेलंय, संत्र्यांच्या बागांत आणि घरांत. "स्क्रब जे" नावाचा पक्षी फक्त फ्लोरिडात असतो, १९८७ पासून सरकारी यादीत धोक्यात आहे, त्याचंही घर हेच. तरी कागदावर "मोकळी जागा"! आमच्या सोलापूरकडेही माळाला पडीक म्हणतात, आणि नान्नजचा माळढोक जगला तो त्याच माळाच्या गवतावर. इथं काय नि तिथं काय, ज्या जमिनीतून पैसा निघत नाही ती सरकारला रिकामीच दिसते, आणि ती रिकामी आहे हे ठरवणारा माणूस तिथं अर्धा तास थांबतही नाही. मग तिथं हिरवळ टाकायची आणि वाळूवर रोज पाणी मारत बसायचं, त्याला विकास म्हणायचं.

नाल्याकडच्या कोपऱ्यात सहा-सात हिकरी वरून मोडल्यात, पण तिथली वाळू अजून उकरलेली नाही, मुळं जागेवर आहेत. तिथं मशीन घालू नका, हिरवळ टाकू नका. सर्व्हे परत करा, पानं असताना, आणि रिपोर्टात झाडाचं नाव लिहा. सर्व्हेवाल्याला पाठवा, कुठला कोपरा ते मी दाखवते. त्यासाठी परत बिनपगारी रजा घेईन.

— कुंपणापलीकडच्या घरातली