खटले का पडतात, हे आधी शोधा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फौजदारी न्यायाच्या अभ्यासासाठी गुजरातइतकी जय्यत तयारी फार थोड्या राज्यांकडे असेल. राज्याने काढलेली न्यायवैद्यक (फॉरेन्सिक) आणि रक्षाशक्ती (पोलीस व सुरक्षा शिक्षणाचे) ही दोन्ही विद्यापीठे 2020 मध्ये राष्ट्रीय झाली. त्यामुळे संशोधन म्हटले की आपल्याकडे डीएनए, सायबर आणि कॅमेरे हेच विषय पुढे येतात. त्यांची गरज आहेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याने, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले आहे, तेव्हा प्रयोगशाळा लागणारच. पण नमुना कितीही चोख तपासला, तरी पंचनाम्याचे पंच आणि साक्षीदार कोर्टात फिरले की केस गेलीच म्हणायची. ते का फिरतात, यावर आधी पैसा आणि माणसे लावावीत, एवढेच सांगायला हे पत्र.

माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयांच्या दफ्तरात गेली. फितूर साक्षीदार म्हटले की लोकांना धमकी किंवा पाकीट आठवते. तेही असते. पण मी पाहिलेले बरेच साक्षीदार नुसते कंटाळलेले असत. सावली, पाद्रा, डभोईकडचा मजूर रोज बुडवून येतो, दिवसभर आरोपीच्या नातेवाइकांशेजारीच बाकावर बसतो आणि संध्याकाळी त्याला पुढची मुदत मिळते. असे काही वेळा झाले की समन्स परत येते, ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन. चार-पाच वर्षांनी तो अखेर पिंजऱ्यात उभा राहतो, तेव्हा त्याला खरेच काही आठवत नसते, किंवा आठवून घ्यायचे नसते. आता यात धमकी किती, समेट किती आणि थकवा किती? उपाय तिन्हींचे वेगळे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि नव्या संहितेच्या कलम 398 नेही राज्यांवर तशी योजना करण्याची जबाबदारी टाकली. पण संरक्षण मागतो तो घाबरलेला. कंटाळलेला माणूस काही मागत नाही, तो येईनासा होतो.

बडोदेकरांना याची किंमत नव्याने सांगायला नको. 2002 च्या दंगलीत इथल्या बेकरीत झालेल्या हत्याकांडाच्या, म्हणजे बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार फिरले आणि 2003 साली सगळेच्या सगळे 21 आरोपी सुटले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला महाराष्ट्रात पुन्हा चालवायला लावला. मुंबईत 2006 साली नऊ जणांना जन्मठेप झाली, पुढे 2012 मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांचीच शिक्षा कायम ठेवली.

संशोधनाचा हा विषय काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. जानेवारी 2014 मध्ये, गुजरात सरकारच्याच एका अपिलात आरोपीची सुटका कायम ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला बजावले होते की निर्दोष सुटकेचा प्रत्येक निकाल पोलीस आणि अभियोग खात्याच्या वरिष्ठांच्या समितीने तपासावा, खटला का पडला याची कारणे नोंदवावीत आणि ती प्रशिक्षणात वापरावीत. म्हणजे प्रश्नपत्रिका तयारच आहे. या समित्यांची कारणे नावे गाळून विद्यापीठांना द्या. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्य, कायदा आणि संख्याशास्त्र हे तिन्ही विषय एकाच शहरात आहेत. निकालपत्रे तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर वाचताही येतात.

एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, आकड्यांवर मात्र विसंबू नये. दोषसिद्धीचे प्रमाण त्या वर्षी निकाली निघालेल्या खटल्यांवरच काढतात, रखडलेले खटले त्यात धरलेच जात नाहीत. शिवाय एका एफआयआरमध्ये चार गुन्हे असले, तरी सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो.

दुसरा विषय गुजरातमधल्या दारूबंदीचा. त्या कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने दारू बनवणे, विकणे, वाहून नेणे यासाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षा आली. या केसेस पोलीस ठाण्याचा आणि कोर्टाचा किती वेळ खातात, त्यातले पंच कितीदा फुटतात आणि शिक्षा वाढल्यावर नेमका काय फरक पडला, हे मोजायला हवे. राजकीयदृष्ट्या हा प्रश्न कोणालाच नको असतो, म्हणून तो विद्यापीठाकडे द्यावा. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण एकदम सगळ्या संस्थानावर लादले नव्हते. 1893 मध्ये अमरेलीत करून पाहिले, तिथला अनुभव जमेस धरला आणि 1906 मध्ये सर्वत्र लागू केले. कायदा कडक करण्यापूर्वी एखाद्या तालुक्यात असे करून पाहायला आजच्या सरकारला कोण अडवते?

कच्च्या कैद्यांचा, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच तुरुंगात असलेल्यांचा, विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. 2022 अखेर देशातल्या कारागृहांत साधारण 76 टक्के बंदी कच्चे होते, एवढेच इथे नोंदवतो.

राहता राहिली संशोधनाच्या विषयांची यादी ठरवणारी समिती. तिच्यात निवृत्त न्यायाधीश आणि पोलीस महासंचालक असतीलच. त्यांच्या जोडीला समन्स बजावत खेडोपाडी फिरणारा एखादा हवालदार आणि सत्र न्यायालयात रोज उभा राहणारा एखादा सरकारी वकीलही घ्यावा, आणि बैठकीत पहिल्यांदा त्या दोघांनाच बोलू द्यावे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे