जहाजावरचे पोटाचे आजार मोजले जावेत आणि जाहीर व्हावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांविषयीचा सचित्र लेख वाचला. डेकवरून दिसणारा सूर्यास्त, पोहण्याचा तलाव, रात्रीचे गाण्याचे कार्यक्रम यांचे त्यात केलेले वर्णन खरे आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या चौदा जणांच्या गटातून मीही अशा तीन रात्रींच्या सफरीला जाऊन आले आणि समुद्र मलाही आवडला. परंतु जहाजावरील स्वच्छतेविषयी लेखात एक ओळही नव्हती, आणि सध्या बडोद्यातील अनेक मराठी कुटुंबे वृद्ध आईवडिलांसाठी अशा सफरींची नोंदणी करीत असल्यामुळे तो विषय निघायला हवा. आम्हा चौदा जणांपैकी सहा जण त्या सफरीत किंवा परतीच्या प्रवासात जुलाब-उलट्यांनी आजारी पडले.

दुसऱ्या रात्री जेवणानंतर आमच्यातील सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना केबिनबाहेरच्या बोळात गालिच्यावरच एकाएकी उलटी झाली. सफाईचा मुलगा तत्परतेने आला, त्याने कागदी रुमालांनी गालिचा टिपला, वरून सुवासिक फवारा मारला आणि हातातले तेच मोजे घालून शेजारच्या केबिनच्या दाराची मूठ फिरवली. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला जेवढे शिकवले होते तेवढे त्याने मन लावून केले. काकूंनी जहाजावरच्या डॉक्टरांकडे जायला साफ नकार दिला. ‘खोलीत कोंडून ठेवतील, वर बिल लावतील ते निराळेच. तू कुणाला सांगू नकोस गं,’ असे त्यांनी माझा हात धरून सांगितले, आणि पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काम केलेली मी गप्प राहिले. त्याची खंत मला अजून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू सर्वांबरोबर नाश्त्याला आल्या आणि सर्वांनी धरलेल्या चिमट्यानेच त्यांनी इडल्या वाढून घेतल्या. त्या रात्री दोघांना त्रास सुरू झाला, आणि मुंबईहून बडोद्याला येताना गाडीत आणखी तिघांना.

शौचाची तपासणी कोणीच करून घेतली नाही, म्हणून आमच्या आजाराला मी नाव देणार नाही. मात्र एकाएकी उलटी, पाण्यासारखे जुलाब, एकापासून दुसऱ्याला बारा ते अठ्ठेचाळीस तासांत लागण आणि एक ते तीन दिवसांत उतार, ही सारी चाल नोरोविषाणूची आहे, आणि जगभरातील प्रवासी जहाजांवर पोटाच्या आजाराच्या ज्या साथी नोंदल्या जातात त्यांतील बहुतेक याच विषाणूच्या असतात. १९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेत उलट्यांची साथ आली. तिथल्या नमुन्यांतून १९७२ मध्ये हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि गावाचेच नाव त्याला मिळाले. आपल्या देशात तो नाही असे कोणी समजू नये. २०२१ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांमध्ये तो आढळला होता.

हा विषाणू जहाजावर एवढा पसरतो याचे एक कारण असे की त्याच्या अगदी थोड्या, शंभराहूनही कमी कणांनी माणूस आजारी पडू शकतो. उलटीचे सूक्ष्म तुषार आसपास उडतात, कठड्यावर, लिफ्टच्या बटणांवर, दारांच्या मुठींवर ते बसतात आणि विषाणू तिथे कित्येक दिवस टिकून राहतो. बरे वाटू लागल्यावरही रुग्णाच्या शौचातून तो दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ बाहेर पडत असतो. त्यात भर म्हणून जहाज हे बंदिस्त गाव असते. हजार-दोन हजार माणसे त्याच जेवणघरात जेवतात, कर्मचारी दोघे-चौघे मिळून लहान खोल्यांत राहतात, आणि सकाळी जुने प्रवासी उतरले की दुपारी त्याच केबिनांत नवे येतात. मधल्या चार-पाच तासांत काय आणि किती धुतले जाते, यावर पुढच्या सफरीचे आरोग्य ठरते.

आमच्या जहाजावर जेवणघराच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली घेऊन एक हसतमुख मुलगी उभी असे. प्रत्येकाच्या तळहातावर ती दोन थेंब टाकी आणि आम्ही सारे निर्धास्त होऊन आत जात असू. कोरोनाच्या काळात आपल्याला ही सवय लागली, आणि त्या आजारापुरती ती योग्यच होती, कारण कोरोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते आणि अल्कोहोल ते फोडते. नोरोविषाणूला असे वेष्टनच नाही, म्हणून अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे, आणि हात निदान वीस सेकंद चोळायला हवेत. साबणाने तो मरतो असे नव्हे, पण त्वचेवरून सुटून वाहून जातो. त्या जेवणघरात हात धुण्याचे बेसिन होते, परंतु ते एका खांबाच्या मागे, तेही एकच, आणि त्यापाशी साबण नव्हता. गुलाबजामच्या पातेल्यातील चिमट्याची मूठ पाकाने चिकट झालेली मला आजही आठवते. मी धरली तेव्हा ती कोमट होती, म्हणजे माझ्या आधी नुकतीच कोणीतरी धरली होती.

हीच गोष्ट सफाईची. उलटी झालेली जागा सुवासिक फवाऱ्याने शुद्ध होत नाही. घाण काळजीपूर्वक टिपून घेऊन त्यावर क्लोरीनचे पुरेसे तीव्र द्रावण निदान पाच मिनिटे राहू द्यावे लागते. घरी कोणी आजारी असल्यास औषधाच्या दुकानात मिळणारे चार टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट २५ मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर करावे आणि नळ, कडी, संडासाची बैठक त्याने पुसावी. मात्र हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि त्यात ॲसिड किंवा दुसरे कोणतेही सफाईचे औषध मिसळू नये. गाडीतून उतरल्यावर मी घरी हेच केले, आणि घरात दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही. या आजारावर प्रतिजैविके चालत नाहीत. शरीरातले पाणी आणि क्षार ओआरएसने भरून काढणे हाच मुख्य उपचार आहे, आणि वृद्धांच्या बाबतीत त्यात उशीर झाला तर जीवावर बेतू शकते.

येथे जहाजांना न्याय देणेही आवश्यक आहे. अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोविषाणूच्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी जेमतेम एक टक्का असतात. कितीतरी अधिक साथी वृद्धाश्रमांत, शाळांत आणि उपाहारगृहांत होतात. जहाजांची बातमी होते ती तिथे आजारी माणसे मोजली जातात म्हणून. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७०च्या दशकात सुरू केलेला जहाज-स्वच्छता कार्यक्रम आजही चालू आहे. परदेशातून अमेरिकी बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची त्यात पूर्वसूचना न देता तपासणी होते, शंभरपैकी गुण दिले जातात, ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास जहाज अनुत्तीर्ण ठरते, आणि अहवाल कोणालाही वाचता येतो. एखाद्या सफरीत तीन टक्के प्रवासी किंवा तीन टक्के कर्मचारी पोटाच्या आजाराने जहाजाच्या दवाखान्यात नोंदले गेले की ती साथ जहाजाच्या नावासह जाहीर केली जाते. आमच्या चौदांच्या गटात सहा जण आजारी पडले, पण नोंद एकाचीही नाही.

आपल्याकडे काहीच नाही असे मी म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य विनियमांनुसार बंदर आरोग्य अधिकारी जहाजांना स्वच्छतेचे प्रमाणपत्र देतात आणि ते जास्तीत जास्त सहा महिने ग्राह्य असते. पण आम्हाला तिकिटाबरोबर जे चकचकीत माहितीपत्रक मिळाले त्यात जेवणाच्या पदार्थांची चार पाने होती आणि या प्रमाणपत्राचा उल्लेखही नव्हता. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले आणि २०२९ पर्यंत अशा प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रवासी दुप्पट होणार असतील तर त्यांच्यातील आजारी किती हे मोजण्याची व्यवस्था त्याआधी उभी राहिली पाहिजे. प्रत्येक सफरीनंतर जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची संख्या जहाजाने बंदर आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावी आणि ठरावीक प्रमाणापेक्षा ती अधिक असेल तर लोकांसमोर यावी, एवढी माझी मागणी आहे. ज्या शहरात महाराजा सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकातच आजवा तलावाचे पाणी नळाने आणले, त्या शहरातील वाचकांना आरोग्य ही केवळ ज्याच्या त्याच्या सवयीची बाब नसून व्यवस्थेचीही आहे हे मी वेगळे सांगायला नको.

संख्या खरी यायची असेल तर आजारी प्रवाशाला भीती वाटता कामा नये. काकूंनी आजार लपवला तो कोंडून ठेवले जाण्याच्या आणि बिलाच्या भीतीने. बरे वाटू लागल्यावरही निदान चोवीस तास केबिनमध्येच राहावे हा सल्ला योग्य आहे आणि तो पाळलाच पाहिजे, परंतु त्या काळातले जेवण, ओआरएस आणि डॉक्टरांची तपासणी जहाजाने विनामूल्य दिली तर माणसे आपणहून पुढे येतील. स्वयंपाकघरातील आणि वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांना तर लक्षणे थांबल्यावर अठ्ठेचाळीस तास अन्नापासून दूर ठेवायला हवे, आणि त्या दोन दिवसांचा पगार कापला जाणार नाही याची त्यांना खात्री हवी. नाहीतर तेही काकूंसारखेच गप्प राहतील.

आणखी एक गोष्ट बिनखर्चाची आहे. आपल्या पंगतीत पळी वाढप्याच्या हातात असते, जेवणारा तिला हात लावत नाही. वाढपी निरोगी असला आणि त्याचे हात धुतलेले असले की पळीची काळजी मिटते. बुफेत मात्र तोच चिमटा पाचशे हातांत फिरतो. महासाथीनंतर काही जहाजांनी प्रवाशांना स्वतः वाढून घेऊ न देता कर्मचाऱ्यांकडून वाढवायला सुरुवात केली होती. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांनी हाच नियम कायमचा करावा, आणि जेवणघराच्या दाराशी बाटलीऐवजी साबणासह चार बेसिने बसवावीत.

आमच्या मंडळात पुढच्या हिवाळ्यातील सफरीची चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे, आणि काकूंनी स्वतःचे नाव सर्वांत आधी दिले आहे. नोंदणी करण्यापूर्वी मी सहल कंपनीला लेखी तीन प्रश्न विचारले आहेत: जहाजाचे स्वच्छता प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे, मागील सहा महिन्यांत पोटाच्या आजाराचे किती रुग्ण नोंदले गेले, आणि उलटी झालेल्या जागेच्या सफाईसाठी कोणते रसायन किती तीव्रतेचे वापरले जाते. उत्तर आल्यावर आपल्या वाचकांसाठी ते जसेच्या तसे पाठवीन.

आपली विश्वासू,
प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे