राजीनामा दिलाय, रागावू नका

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, तुम्ही दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता, आणि आई, तू "जेवलीस का" म्हणालीस की मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून वाचा, आणि आईला वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळू नका. ती मला नंतर विचारतेच.

तर, मी नोकरी सोडली. सोडून झाली, ३० तारखेला शेवटचा दिवस होता. दादाच्या वेळेसारखं काही नाही. कुणाशी वाजलेलं नाही, कुणी काढलेलं नाही. सुरक्षित सॉफ्टवेअर कसं लिहायचं याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतलाय, सगळा पायथॉनमध्ये. (आई, अजगराशी संबंध नाही. ही प्रोग्राम लिहायची भाषा. गिडो व्हान रॉसम नावाच्या डच माणसाने ती १९९१ साली लोकांपुढे आणली, आणि नाव ठेवलं एका इंग्रजी विनोदी टीव्ही मालिकेवरून.)

पैशांचं आधी सांगते, नाहीतर बाबांचं पुढे लक्ष लागणार नाही. सकाळी चार तास मी एका ओळखीच्या ऑफिसचं काम करते. घराचा हप्ता तुमच्या जावयाच्या पगारातून जातो, चिनूची फी भरून झालीय, पीएफला हात लावलेला नाही. तुमच्या खात्यात पाच तारखेला येतं ते तसंच येत राहील. सासूबाईंना आधी पटलं नव्हतं. आता रात्री मी बसले की त्याच चहा आणून ठेवतात आणि "अजून किती पानं?" विचारतात.

चाळिशीत हे काय खूळ, असं तुम्ही म्हणणार. मार्चमध्ये आईचा साखरेचा रिपोर्ट मी इथून मोबाइलवर उघडला होता, आठवतंय? लॅबने पाठवलेल्या लिंकच्या शेवटी एक आकडा होता. माझी खोड म्हणा, मी तो एकाने वाढवून पाहिला. समोर भलत्याच बाईंचा रिपोर्ट. नाव, वय, थायरॉइड, सगळं उघडं. मी लगेच बंद केला आणि लॅबला कळवलं. त्यांनी चार दिवसांनी दुरुस्त केलं. आई, आता ते ठीक आहे, तू उगाच लॅब बदलू नकोस. रक्त काढणारी ती मुलगी तुला आवडते ना, तिच्याकडेच जा.

लॅबवर मी खूप चिडले. मग रात्री झोप लागेना. २०१९ साली एका ग्राहकासाठी पावत्या दाखवायचं पान मीच लिहिलं होतं. सकाळी जाऊन पाहिलं, तर तीच चूक. आलेला माणूस लॉगिन झालाय का, एवढंच मी तपासलं होतं. मागतोय ती पावती त्याचीच आहे का, हे तपासलंच नव्हतं. आपल्या वाड्यात दिंडीतून आत आला म्हणून कुणी सगळ्या बिऱ्हाडांची कपाटं उघडू शकत नव्हता. मी लिहिलेल्या वाड्यात उघडू शकत होता. साहेबांना मीच सांगितलं, त्याच दिवशी बुजवलं. नोंदी तपासल्या, कुणी आत शिरलेलं दिसलं नाही. मला कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

पंधरा वर्षं हे काम करतेय. कॉलेजात प्रोग्राम चालला की मार्क मिळायचे. चालू नये तेव्हाही चालतो का, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. ओवॅस्प नावाची संस्था वेब प्रोग्रामांमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. त्यात ही चूक २०१७ साली पाचवी होती, २०२१ साली पहिली आली. म्हणजे मी एकटी नाही. यात बरं वाटण्यासारखं काही नाही, पण थोडं वाटलं.

बाबा, आता खास तुमच्यासाठी. सुरुवातीलाच आम्हाला १९७५ सालचा एक निबंध वाचायला दिला, सॉल्टझर आणि श्रोडर या दोघांचा. संगणकातली माहिती राखायची कशी, याची तत्त्वं त्यात आहेत. एक तत्त्व असं की, एका किल्लीने उघडणाऱ्या कुलपापेक्षा दोन किल्ल्या लागणारं कुलूप बरं, आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असाव्यात. दाखला कशाचा, तर बँकेच्या लॉकरचा! रात्री साडेअकराला मी एकटीच हसले. तुम्हाला १०३ ताप असताना रिक्षा करून स्ट्राँगरूमची किल्ली घेऊन गेला होतात, कारण मॅनेजरसाहेबांच्या एकट्याच्या किल्लीने दार उघडलं नसतं. त्या दिवशी माझं गॅदरिंग होतं. मी परीचे पंख लावून दारात बसले होते आणि पुढे आठवडाभर तुमच्याशी बोलले नव्हते. ते आज मागे घेते.

आणि तो चेक. मी "शंभर" लिहून आजूबाजूला ऐसपैस जागा सोडली होती. तुम्ही पेन घेऊन आधी "पाच हजार" लिहिलंत आणि म्हणालात, "बघ, झाले पाच हजार शंभर, सही तुझीच." मग पुढेमागे रेघा ओढायला लावल्यात आणि "फक्त" लिहायला लावलंत. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हुबेहूब हेच आहे. प्रोग्राम डेटाबेसला विचारतो, "या नावाच्या माणसाची नोंद दे." लबाड माणूस नावाच्या रकान्यात नावापुढे स्वतःचा हुकूमही लिहून टाकतो, आणि नाव कुठे संपलं ते डेटाबेसला कळत नाही. आम्ही पायथॉनमध्ये आता नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवतो आणि नाव वेगळं हातात देतो. मग त्याने काहीही खरडू दे, ते नाव म्हणूनच वाचलं जातं. मी इतकी वर्षं कित्येकदा रेघ न ओढताच चेक दिलेत, बाबा.

बँडिट नावाचं एक साधन आहे, आपण लिहिलेला पायथॉन वाचून संशयाच्या जागा दाखवतं. माझ्या पहिल्या असाइनमेंटमध्ये त्याने सात काढल्या. चिनू शेजारी होता. "आई, तुला रिमार्क!" म्हणून सगळ्या घराला सांगून आला. त्यातली एक ओटीपीची. मी आकडे पायथॉनमधल्या "रँडम" नावाच्या सोयीतून काढायचे. ते विस्कटलेले दिसतात, पण पुरेसे हाती लागले तर पुढचे ओळखता येतात. यासाठी २०१६ पासून पायथॉनमध्ये "सीक्रेट्स" वेगळं दिलेलं आहे, मला पत्ता नव्हता. आणि आई, "पिकल" नावाचीही एक वस्तू आहे. लोणचंच! माहिती त्यात मुरवून ठेवायची, हवी तेव्हा काढायची. पण अनोळखी माणसाकडून आलेली बरणी उघडली, तर तो आत ठेवेल ते आपल्या संगणकावर चालतं. कुणाच्याही घरचं लोणचं तू ताटात घेत नाहीस, ते मला आता पटलं.

आता ऐका.

बाबा, मोतीबिंदू पुढे ढकलायचा नाही. माझी परीक्षा, दिवाळी, कशाचीही सबब नको. ऑपरेशन बुधवारी आहे, मी सोमवारी रात्री कराडला पोचते, आठवडाभर राहते. असाइनमेंट तिथूनही पाठवता येते. आई, तू डोळ्यात थेंब घालायला घाबरतेस, ते मी घालीन. तू संकष्टीला खिचडी वाटीभरच खायची.

देवघरातल्या डायरीत एटीएमचा पिन लिहिलेलं पान फाडून टाका. वीजबिलाचा मेसेज आला तर त्यातल्या नंबरवर फोन करायचा नाही. मागच्या वर्षीचं काढणार नाही म्हटलं होतं, काढत नाही. कुणी पोलिसाच्या वेषात व्हिडिओवर आला, तर फोन ठेवा, पोलीस असे अटक करत नाहीत. पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरवर फोन, मग मला. मला सांगायला संकोच वाटतो म्हणून थांबू नका, बाबा. तुम्ही फसलात म्हणून मला तुमची लाज वाटली नव्हती, एकदाही नाही. मीच तसली दारं बांधत होते.

दिवाळीला यंदा दोनच दिवस जमेल, भाऊबीजेला निघावं लागेल. दादाला मी कळवते, तुम्ही त्याला काही बोलू नका.

तुमची,
सुमी

ता. क. आई, लोणचं कुरिअरने पाठवू नकोस, मागच्या वेळी तेल पाकिटाबाहेर आलं होतं. सोमवारी येईन तेव्हा नेईन, दोन बरण्या भर.