डोळ्यांच्या गोळ्या कुणासाठी?

महोदय,

प्रखर उजेडामुळे दृष्टिपटलातील पेशी मरतात आणि अँटिऑक्सिडंट (पेशींतला असा बिघाड रोखणारी द्रव्ये) त्यांना वाचवतात, हे सांगणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माझे औषधांचे दुकान आहे. लेख आला त्याच दिवसापासून ‘पेपरात आलीय ती डोळ्यांची गोळी द्या’ अशी मागणी सुरू झाली, म्हणून हे पत्र.

लेखातले खोटे काही नाही, अपुरे मात्र बरेच आहे. वर्नर नोएल यांनी 1966 मध्ये दाखवले की, उंदरांना तासन्‌तास उजेडात ठेवले तर डोळा न भाजताही प्रकाशग्राही पेशी मरतात. या पेशींची आवरणे नाजूक मेदाने भरलेली असतात आणि दृष्टिपटलाला प्राणवायू भरपूर लागतो. उजेड पडला की तेल खवट व्हावे तसा हा मेद बिघडतो. पुढच्या प्रयोगांत उजेडाआधी दिलेल्या क जीवनसत्त्वाने पेशी वाचल्या. नंतर दिले तर उपयोग झाला नाही. पण हे प्रयोग बहुतेक पांढऱ्या उंदरांवरचे. त्यांच्या डोळ्यात उजेड अडवणारे रंगद्रव्य नसते. शिवाय उंदराचे यकृत क जीवनसत्त्व स्वतःच तयार करते, आपले करत नाही. तिथला निष्कर्ष उचलून थेट आपल्याला कसा लावायचा?

माणसांवरचा मोठा अभ्यास अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटचा, 2001 मधला. तो उजेडाबद्दल नव्हताच. उतारवयात मॅक्युला, म्हणजे दृष्टिपटलाचा मधला भाग, झिजण्याच्या आजाराबद्दल होता. क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन (गाजरातले रंगद्रव्य), जस्त आणि तांबे एकत्र दिल्यावर आजार बळावण्याचा धोका पाच वर्षांत साधारण 25 टक्क्यांनी घटला. तोही ज्यांचा आजार मध्यम टप्प्यात होता किंवा एका डोळ्यात बळावला होता, त्यांच्यातच. गेलेली नजर परत आली नाही, मोतीबिंदूवरही परिणाम दिसला नाही. आमच्याकडे मात्र या गोळ्या मोतीबिंदू ‘विरघळवायला’ नेणारे कमी नाहीत!

खरी काळजी पुढे आहे. 2013 च्या दुसऱ्या अभ्यासात बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त आढळला, आणि त्यातले बहुतेक पूर्वी सिगारेट ओढणारे होते. तेव्हापासून त्याऐवजी 10 मिलिग्रॅम ल्यूटिन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन ही वनस्पतींतली रंगद्रव्ये वापरतात. तरीही काही डब्यांवर बारीक अक्षरात बीटा कॅरोटीन दिसतेच. बिडी सोडलेल्या आजोबांनी ते अक्षर वाचायचे कसे? त्यांची नजर अधू म्हणून तर ते गोळी मागताहेत. धूम्रपान करणाऱ्यांसाठीचा इशारा ठळक मराठीत छापणे सक्तीचे व्हावे.

ज्यांचे डोळे ठणठणीत आहेत, त्यांनी पालक, मेथी, शेवग्याचा पाला खावा. ल्यूटिन त्यात भरपूर असते आणि तेलाच्या फोडणीमुळे ते अंगी लागते. सूर्याकडे, अगदी ग्रहणातही, उघड्या डोळ्यांनी पाहू नये. तिथे कुठलीच गोळी कामाला येत नाही.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत अ‍ॅम्सलर ग्रिड छापा: दहा सेंटिमीटरचा चौकोन, अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी, मधोमध ठिपका. जवळचा चष्मा लावून, तीस सेंटिमीटरवर धरून, एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे पाहायचे. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्या, तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. माझ्या दुकानात नंतर.

— एक औषधविक्रेता, सांगली