न उचललेला फोन पुढे जायला हवा

महोदय,

वागळे इस्टेटमधील एका कार्यालयाच्या मुख्य क्रमांकावर दुपारी फोन केला की घंटा वाजत राहते आणि अखेर फोन आपोआप बंद होतो. स्वागतकक्षातील बाई जेवायला गेल्या असतील, तर आत माणसे असूनही तो कोणाकडेच वळत नाही. हा दोष माणसांचा नसून मांडणीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईपीएबीएक्स यंत्रात (कार्यालयाच्या अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये) ‘लाइन व्यस्त असताना’ आणि ‘उत्तर न मिळाल्यास’ कॉल वळवण्याची सोय वेगवेगळी लावावी लागते, आणि अनेकदा दुसरी राहूनच जाते. पंधरा-वीस सेकंदांत फोन उचलला गेला नाही, तर तो दोन-तीन एक्स्टेन्शनच्या (आतल्या फोनच्या) गटाकडे जावा आणि तेथेही कोणी नसल्यास निरोप ध्वनिमुद्रित व्हावा.

शेवटचा टप्पा एखाद्या अधिकाऱ्याचा मोबाइल असेल, तर विशेष काळजी हवी. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१९ मध्ये ठरवून दिल्यानुसार न उचललेल्या कॉलची घंटा मोबाइलवर ३० सेकंद आणि लँडलाइनवर ६० सेकंद वाजते; त्यामुळे यंत्रातील प्रतीक्षा ३० सेकंदांहून बरीच कमी ठेवली नाही, तर कॉल कार्यालयाकडे परत येण्याआधीच मोबाइल कंपनीची ध्वनिफीत ऐकू येते, आणि ग्राहक फोन ठेवून देतो.

ठाणे, नवी मुंबईतील आस्थापनांनी जेवणाच्या सुट्टीत बाहेरून स्वतःच्याच क्रमांकावर फोन लावून ही तपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे